उसवण्याचा वारसा

‘ग्रंथ’ म्हणजे मुळात गुंफलेले. ‘सूत्र’ म्हणजे धागा. कथेची ‘वीण’, कवितेचा ‘पोत’ हे शब्दही समीक्षेने धाग्यादोऱ्यांच्या व्यवहारातूनच घेतले. मात्र ज्या हातांकडून ते घेतले, त्यांच्या विद्येची बोळवण आपण ‘फावल्या वेळचा छंद’ म्हणून केली.

सुयांवरचे विणकाम आईकडून मुलीकडे येते ते बहुधा पुस्तकावाचून. मुळात टाके दोनच, सुलट आणि उलट. आणि एकाची मागची बाजू म्हणजे दुसरा. मुलगी आईने विणलेला स्वेटर उलटून पाहते, टाके मोजते आणि तिला नक्षी उमगते. याला वाचन नाही तर काय म्हणावे?

याहून मोलाचे शिक्षण उसवण्याचे. आखूड झालेला स्वेटर उसवायचा, लोकरीची लड करून ती धुवायची, वाळवायची आणि नव्या मापाने टाके घालायचे. लोकर जुनीच, अंग नवे.

ॲलिस वॉकर यांच्या ‘एव्हरीडे यूज’ (१९७३) या कथेत थोरल्या, शिकलेल्या मुलीला आजीच्या गोधड्या भिंतीवर टांगायच्या आहेत. आई मात्र त्या धाकटीला देते. कारण ती त्या वापरील, आणि गोधडी शिवण्याची कला तिच्या हातात आहे.

वाङ्मयीन परंपरेलाही मी हाच निकष लावीन. आईचा स्वेटर कपाटात जपून ठेवणे ही स्मृती झाली. तो उसवून पुन्हा विणता येतो, तिथेच परंपरा जिवंत असते. आपल्या अभ्यासक्रमांतून विद्यार्थ्यांच्या हाती सुया किती येतात आणि कपाटाच्या किल्ल्या किती, याचा हिशेब एकदा मांडायला हवा.