विश्लेषण : पॅरिसमधल्या ढेकणांनी जगाला घाबरवलं, पण आपल्या घरात ढेकूण झालेत हे ओळखायचं कसं?

सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस पॅरिसमधली मेट्रो, रेल्वे आणि सिनेमागृहांच्या सीटवर ढेकूण दिसल्याचे व्हिडिओ जगभर फिरू लागले. ऑलिम्पिक वर्षभरावर आलं होतं. पॅरिसच्या उपमहापौरांनी थेट पंतप्रधानांना पत्र लिहिलं, तर एका खासदार बाईंनी ढेकणांची बाटलीच संसदेत आणून दाखवली. पण मेट्रो आणि रेल्वेतल्या तक्रारी तपासल्यावर एकही सिद्ध झाली नाही, असं परिवहन मंत्र्यांनी सांगितलं. मार्च २०२४ मध्ये तर फ्रान्सच्या आणखी एका मंत्र्यांनी, ही भीती रशियाशी संबंधित खात्यांनी फुगवली, असा आरोप केला.

मग सगळंच खोटं होतं का?

नाही. 'आन्सेस' या फ्रेंच सरकारी संस्थेच्या अहवालानुसार २०१७ ते २०२२ दरम्यान तिथल्या ११ टक्के घरांत ढेकूण झाले होते. फक्त ते गाडीच्या सीटपेक्षा घरातल्या पलंगात जास्त होते. व्हिडिओंनी लोकांना नको तिकडे बघायला लावलं.

चावा हा पुरावा का नाही?

एकाच अंथरुणात झोपणाऱ्या दोघांपैकी एकाच्या अंगावर गांध्या उठतात, दुसऱ्याला काहीच होत नाही. कधी गांधी उठायलाच काही दिवस लागतात. 'ओळीत तीन चावे म्हणजे ढेकूण' हे रील्सवरचं सूत्रही खात्रीचं नाही. डास, खरूज, ॲलर्जी यांतलं काहीही असू शकतं. त्वचा सोडा, गादी बघा.

टॉर्च आणि जुनं एटीएम कार्ड घ्या. गादीची शिवण, पलंगाचे सांधे, स्क्रूची भोकं, दिवाणाची खालची बाजू, भिंतीवरच्या फोटोंची मागची बाजू इथे कार्डाची कड फिरवा. पेनने टिंब दिल्यासारखे काळे डाग दिसले तर ओलं फडकं लावा. तपकिरी फराटा उठला तर ती बहुधा ढेकणांची विष्ठा असते. चादरीवर रक्ताचे ठिपके, फिकट पारदर्शक कात आणि जेमतेम एक मिलिमीटरची पांढरी अंडी हीसुद्धा चिन्हं आहेत. मोठा ढेकूण सफरचंदाच्या बीएवढा, चपटा असतो. रक्त प्याला की फुगून लालसर होतो. झुरळाचं पिल्लू लांब मिशा हलवत सुसाट पळतं, ढेकूण तसा पळत नाही. उग्र वास मात्र ढेकूण फार वाढल्यावरच येतो, त्याची वाट बघू नका.

ढेकूण अस्वच्छ घरातच होतात, हा आपल्याकडचा समज भलताच चिवट आहे. वास्तविक ते प्रवासाच्या बॅगेतून, जुन्या फर्निचरमधून किंवा हॉस्टेलच्या गादीतून येतात. पण लाजेपोटी लोक शेजाऱ्यांना सांगत नाहीत आणि गुपचूप मिळेल ते विष आणून फवारतात. खरा धोका इथे आहे. ढेकणांमुळे माणसांत रोग पसरल्याचा पुरावा नाही. या विषांनी मात्र माणसं दगावली आहेत. फ्रान्समध्ये बंदी असलेलं डायक्लोरव्हॉस ढेकणांसाठी वापरून अनेकांना विषबाधा झाली. हे औषध भारतातही २०२० च्या अखेरीपासून बंद आहे. धान्यात ठेवायच्या गोळ्या तर घरात कधीच वापरू नयेत. त्यांचा वायू शेजारच्या खोलीतही पोहोचतो.

चादरी-कपडे ६० अंशांच्या पाण्यात धुवा. गादी नुसती उन्हात टाकून भागत नाही, ढेकूण आतल्या सावलीत सरकतात. पेस्ट कंट्रोलवाल्याला दुसऱ्या फेरीची तारीख आधीच विचारून ठेवा, कारण पहिल्या फवारणीतून वाचलेल्या अंड्यांतून आठवडा-दीड आठवड्यात पिल्लं बाहेर येतात.