गेला म्हणून माफ?

पीट रोझ ३० सप्टेंबर २०२४ रोजी लास वेगासमध्ये गेला, वयाच्या ८३व्या वर्षी. जिवंत असताना जे बेसबॉलने त्याला ३५ वर्षं दिलं नाही, ते मेल्यावर साडेसात महिन्यांत मिळालं. १३ मे २०२५ रोजी कमिशनर रॉब मॅनफ्रेड यांनी त्याचं नाव अपात्रांच्या यादीतून काढलं. त्यांचा युक्तिवाद असा: माणूस हयात नसेल तर त्याच्यापासून खेळाच्या सचोटीला धोका उरत नाही.

मेलेला माणूस सट्टा लावू शकत नाही, हे कबूल. पण १९८९च्या करारात शब्द होता ‘कायमचा अपात्र’. त्या ‘कायमचा’चा अर्थ आता ‘मरेपर्यंत’ असा झाला. आणि यादीतून नाव निघालं की हॉल ऑफ फेमचं दार आपोआप किलकिलं होतं, कारण यादीतल्या कुणाचाही विचार करायचा नाही, असा नियम हॉलने १९९१मध्ये केला होता. डिसेंबर २०२७मध्ये १६ जणांच्या समितीपुढे रोझचं नाव येऊ शकतं. १२ मतं मिळाली की भिंतीवर फलक.

माझं म्हणणं सरळ आहे: ती १२ मतं त्याला मिळू नयेत.

आधी त्याचं देणं मान्य करू, कारण ते खरंच मोठं आहे. हिट म्हणजे चेंडू मारून निदान पहिल्या बेसवर सुखरूप पोहोचणं. रोझच्या नावावर अशा ४,२५६ हिट्स आहेत. मेजर लीगच्या इतिहासात इतक्या कुणाच्याच नाहीत. ११ सप्टेंबर १९८५ रोजी त्याने टाय कॉबला मागे टाकलं, तेव्हा तो ४४ वर्षांचा होता. १९७८मध्ये सलग ४४ सामन्यांत किमान एक हिट. तीन वर्ल्ड सीरिज विजेतेपदं. पिचरने चार चेंडू बाहेर टाकले की बॅटरला पहिल्या बेसवर चालत जायला मिळतं. रोझ तिथेही पळत जायचा. त्याला ‘चार्ली हसल’ म्हणायचे ते उगाच नाही. सिनसिनाटीसारख्या कामगारांच्या शहराला तो आपला का वाटला, हे समजून घेणं अवघड नाही.

आता दुसरी बाजू. १९८४ ते १९८९ या काळात तो सिनसिनाटी रेड्सचा मॅनेजर होता, त्यातली पहिली वर्षं खेळाडूही. वकील जॉन डाउड यांच्या चौकशी अहवालात फक्त १९८७ या एका वर्षात रेड्सच्या ५२ सामन्यांवर त्याने पैसे लावल्याची नोंद आहे. म्हणजे ज्या संघाचे निर्णय तो स्वतः घेत होता, त्याच संघावर.

इथे त्याचे चाहते हुकमी पत्ता टाकतात: ‘पण तो नेहमी जिंकण्यावरच पैसे लावायचा!’ हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. क्रिकेटवर वाढलेल्या आपल्याला तर फारच. मार्च २०००मध्ये नागपूरच्या एकदिवसीय सामन्यात हान्सी क्रोनिएने हर्शेल गिब्जला वीसपेक्षा कमी धावा काढण्यासाठी पैशांची ऑफर दिली (गिब्जने होकार दिला आणि ७४ धावा ठोकल्या). त्याच्या तुलनेत रोझने काय वाईट केलं? हरायला तर सांगितलं नाही!

फरक खरा आहे. पण त्यामुळे रोझ निर्दोष ठरत नाही. बेसबॉलचा एक सीझन १६२ सामन्यांचा असतो, जवळपास रोज एक सामना. सुरुवातीचा पिचर दमला की राखीव पिचर येतात, आणि त्यांचे हात ही मॅनेजरची मर्यादित पुंजी. आज तुमच्या सर्वोत्तम राखीव पिचरला जास्त राबवलंत तर उद्या तो उपलब्ध नसतो, आणि हे रोज केलंत तर ऑगस्टपर्यंत त्याचा खांदा जातो. मॅनेजरचं अर्धं काम म्हणजे कोणता सामना हातचा सोडायचा हे ठरवणं. आता त्याच मॅनेजरचे आजच्या सामन्यावर हजारो डॉलर लागलेत. तो उद्याचा विचार करेल? पिचरच्या खांद्याचा?

शिवाय, ज्या दिवशी मॅनेजर पैसे लावत नाही, तो दिवसही बुकीसाठी बातमीच असतो: आज आपल्याच संघावर याचा भरवसा नाही. आणि बुकीचं देणं थकलं, की बुकी मॅनेजरकडून काय काय मागू शकतो, याची कल्पना करायला फार डोकं लागत नाही.

रोझने अमुक सामन्यात अमुक पिचरला पैशासाठी राबवलं, हे सिद्ध झालेलं नाही. तीच तर अडचण आहे. प्रेक्षकाला ते कधीच कळणार नाही. आयटीत, विशेषतः शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांत काम करणाऱ्यांना हा नियम ओळखीचा वाटेल. आतली माहिती हातात असताना तुम्ही आपल्याच कंपनीचे शेअर विकत घेऊ शकत नाही. ‘माझा कंपनीवर विश्वास होता म्हणून घेतले, विकले थोडेच?’ हा बचाव सेबीसमोर चालत नाही. बेसबॉलचा नियम २१ हेच सांगतो, आणि तो प्रत्येक संघाच्या ड्रेसिंग रूममध्ये लावलेला असतो. रोझने तो दोन दशकं भिंतीवर पाहिला होता.

मग खोटं बोलणं. १९८९पासून जवळपास १५ वर्षं तो ‘मी बेसबॉलवर पैसे लावले नाहीत’ असं सांगत राहिला. २००४मध्ये कबुली दिली, तीही स्वतःच्या पुस्तकातून, जे विकायचं होतं. तेव्हाही म्हणणं होतं की फक्त मॅनेजर असताना, खेळाडू असताना कधीच नाही. २०१५मध्ये ईएसपीएनने त्याच्या एका साथीदाराच्या वहीची पानं बाहेर आणली. त्यांत १९८६च्या नोंदी होत्या, आणि तेव्हा रोझ मैदानात खेळत होता.

आणि जे चाहत्यांच्या गप्पांत हळूच वगळलं जातं तेही सांगायला हवं. २०१७मध्ये कोर्टात सादर झालेल्या एका निवेदनात एका स्त्रीने शपथेवर सांगितलं, की १९७०च्या दशकात ती १६ वर्षांची होण्याआधीच रोझने तिच्याशी शरीरसंबंध ठेवायला सुरुवात केली. रोझने संबंध नाकारला नाही. ती १६ वर्षांची आहे असं आपल्याला वाटलं, असं तो म्हणाला. त्यानंतर फिलाडेल्फिया फिलीजने त्याचा ठरलेला सत्कार रद्द केला. वारशाची चर्चा करायची तर ती पूर्ण करा.

चाहत्यांचा एक मुद्दा मात्र मला खोडता येत नाही: ढोंग. २०१८मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने खेळांवरच्या सट्ट्याविरुद्धचा केंद्रीय कायदा रद्द केला आणि त्याच वर्षी मेजर लीग बेसबॉलने एमजीएमशी करार केला. आज सामना बघताना सट्ट्याच्या जाहिराती चुकवता येत नाहीत. १ जानेवारी २०२३ रोजी ओहायोत सट्टा कायदेशीर झाला तेव्हा सिनसिनाटीच्या कसिनोत पहिली बेट लावायला बोलावलं कुणाला? पीट रोझला. आपणही हसू नये. ऑगस्ट २०२५मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदीचा कायदा येईपर्यंत भारतीय क्रिकेटपटूंच्या छातीवर ड्रीम इलेव्हनचंच नाव होतं.

पण ढोंगावर उपाय नियम सोडणं हा नाही. जून २०२४मध्ये तुकुपिता मार्कानो या २४ वर्षांच्या खेळाडूवर आजीवन बंदी आली. जखमी होऊन बाहेर बसलेला असताना त्याने आपल्याच संघाच्या सामन्यांवर बेट लावल्या होत्या. निकालावर परिणाम करणं त्याच्या हातातच नव्हतं. त्याच्या नावावर ४,२५६ हिट्स नाहीत, त्याच्यासाठी कुणी अध्यक्ष कमिशनरना भेटत नाही. ट्रम्प रोझसाठी भेटले. मार्कानोने आता काय समजायचं? की नियम सगळ्यांना सारखा आहे, फक्त पुरेसं मोठं व्हा आणि मग मरा?

‘इतिहास पुसताय का?’ असंही विचारतात. कुणीही काही पुसलेलं नाही. ४,२५६ हा आकडा विक्रमांच्या प्रत्येक यादीत सर्वांत वर आहे. कूपर्सटाउनच्या त्याच इमारतीतल्या संग्रहालयात रोझच्या वस्तू बंदीच्या काळातही मांडलेल्या होत्या. इतिहासात तो होताच. वाद फक्त सन्मानाचा आहे, आणि सन्मान हा कुणाचा हक्क नसतो.

मृत्यूने माणसाबद्दलचा राग मऊ होतो. ते चांगलंच आहे. घरच्यांनी रडावं, सिनसिनाटीने त्याच्या नावाने सामना ठेवावा, चाहत्यांनी जुने व्हिडिओ लावावेत. पण १६ जणांची समिती मतदानाला बसेल तेव्हा तिच्यासमोर १९८९चीच फाइल असेल, तेच ५२ सामने, तीच वही. ३० सप्टेंबर २०२४ला त्या फाइलमधली एकही ओळ बदललेली नाही.