ठिणगी आणि घागर



दिवाळी जवळ आली, की आपल्या भागात तेरखेड्याचे नाव घरोघरी निघते. वाशी तालुक्यातले हे गाव फटाक्यांसाठी प्रसिद्ध. फटाक्यांवरूनच आज एक प्रश्न विचारतो. पेटलेल्या फुलबाजीची एखादी ठिणगी हातावर पडली, तर नुसता चटका बसल्यासारखे होते. पण विझलेल्या तारेवर अनवाणी पाय पडला, तर कातडी सोलून निघते. असे का?

मी आठ वर्षांचा असताना अंगणात अशाच तारेवर पाय दिला होता. तार लाल दिसत नव्हती, म्हणून ती गार झाली असे समजलो. पुढे कृषी महाविद्यालयात शिकलो, तेव्हा चूक कळली. तापमान आणि उष्णता या दोन गोष्टी मी एकच धरल्या होत्या.

एकाच चुलीवर आधी तांब्याभर पाणी ठेवा, मग घागरभर ठेवा. दोन्ही उकळतील, तेव्हा दोन्हींचे तापमान साधारण १०० अंश सेल्सिअसच असेल. पण घागरीला सरपण किती जास्त लागले, हे घरातल्या बाईमाणसाला विचारा! ते सारे सरपण उष्णतेच्या रूपाने पाण्यात गेले. तापमान म्हणजे वस्तू किती तापली ते, आणि उष्णता म्हणजे तिला तापवायला किती ऊर्जा लागली ते. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. तेवढ्याच वजनाच्या लोखंडाला त्याच्या सुमारे नववा हिस्सा पुरतो.

विहिरीवरचे उदाहरण घ्या. उंचावरच्या लहान टाकीत पाणी थोडे असते आणि खालच्या तळ्यात पुष्कळ. तरी नळ सोडला, तर पाणी टाकीतून तळ्याकडेच येते. वाहणे ठरते पातळीवर, साठ्यावर नव्हे. तापमान ही पातळी समजा. उष्णता नेहमी जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे जाते.

आता फुलबाजी पाहा. तिची ठिणगी म्हणजे जळणारा लोखंडाचा बारीक कण. त्याचे तापमान हजार अंशांहून अधिक असते, पण कण पिठाच्या कणाएवढा. त्याच्याजवळ द्यायला उष्णताच थोडी. तार त्याहून कमी तापलेली, पण वजनाने कितीतरी भारी. ती आपला सगळा साठा पायात ओतते.

मग ठिणगी निरुपद्रवी म्हणायची का? मुळीच नाही. डोळ्यात गेली तर इजा होते, नायलॉनच्या कपड्यावर पडली तर कपडा वितळून अंगाला चिकटतो. आणि वाळलेल्या कडब्याचे पान इतके पातळ असते, की त्याला पेटण्यापुरते तापवायला ठिणगीची थोडी उष्णताही पुरते. एक पान पेटले, की पुढची उष्णता कडबाच देतो आणि गंज जाते. फटाक्याच्या दारूचेही तसेच. म्हणून फटाक्यांच्या कारखान्यात एक ठिणगीही चालत नाही.

हाच नियम रब्बीत तुमच्या कामी येतो. कडाक्याच्या थंडीच्या रात्री भाजीपाल्याला किंवा द्राक्षाला हलके पाणी द्या, असे आम्ही सांगतो. लोक विचारतात, गार पाण्याने पीक गारठणार नाही का? पण विहिरीचे पाणी रात्रीच्या हवेपेक्षा उबदार असते. समजा, ते २५ अंशांचे आहे आणि रानात १० अंशांपर्यंत उतरले, तर दर लिटरमागे १५ किलोकॅलरी उष्णता ते मातीला व हवेला देऊन जाते. शिवाय ओली माती दिवसाचे ऊन कोरड्या मातीपेक्षा जास्त साठवते आणि रात्री ते सावकाश परत देते. थर्मामीटर हवेचे तापमान सांगेल. उष्णतेचा साठा मात्र तुमच्या पाटात आहे.

तर यंदाच्या दिवाळीत एवढे करा. फुलबाजी उडवताना शेजारी पाण्याची बादली ठेवा आणि विझलेली प्रत्येक तार तिच्यात टाका. मुलांच्या अंगावर सुती कपडे व पायात चपला असू द्या. कडब्याच्या गंजीजवळ फटाके नकोत. कुणी भाजलेच, तर त्या जागी वीस मिनिटे साध्या गार पाण्याची धार धरा. बर्फ, शाई, टूथपेस्ट काही लावू नका. आतली उष्णता पाण्यात निघून जाऊ द्या. भाजणे मोठे असेल किंवा डोळ्यापाशी असेल, तर लगेच दवाखाना गाठा.

तार लाल दिसत नाही, म्हणजे गार झाली असे नाही. एवढे पोराबाळांना आजच सांगून ठेवा. मला ते पाय भाजल्यावर कळले.