दोन रांगांमधील वाट

आमच्या एका वाचक-भगिनीनें गेल्या महिन्यांत आम्हांस पत्र पाठविलें. पत्र घरगुती आहे. परंतु त्यांतील प्रश्न आज पुण्यांतील पुष्कळ घरांत रात्रीच्या पानावर निघतो, म्हणून त्याचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे. या भगिनींचा धाकटा मुलगा रोज मोटार-सायकलवरून हिंजवडीस नोकरीला जातो. वाटेंत मोटारींच्या रांगा खोळंबल्या, म्हणजे तो त्या दोन रांगांच्या मधील फटींतून पुढें निघून जातो. आजोबांनीं हें एकदां मोटारींत बसून प्रत्यक्ष पाहिलें, आणि त्या दिवसापासून घरांत वाद सुरू आहे. आजोबांच्या मतें ही रीत बेशिस्तीची व जिवावरची आहे. नातू म्हणतो, "आजोबा, फ्रान्समध्यें आतां कायद्यानेंच याची परवानगी आहे. आणि मी पुढें गेलों म्हणून कोणाची जागा घेतली?" भगिनींना दोघांचेंहि पटतें, आणि रोज सायंकाळीं फाटक वाजेपर्यंत त्यांचें चित्त थाऱ्यावर नसतें. "आपण निवाडा द्यावा," असें त्या लिहितात.

निवाडा देण्याचा आमचा अधिकार बेताचाच आहे. किंबहुना या बाबतींत आमच्या हातूनहि एक अपराध घडलेला आहे. तो पुढें सांगूं. प्रथम दोन्ही पक्षांचें म्हणणें नीट पाहूं.

आजोबांचा पहिला आक्षेप न्यायाचा आहे. रांग लागली असतां मागून येऊन पुढें जाणें हें देवळांत शोभत नाहीं, तें रस्त्यावर कसें शोभावें? आक्षेप सकृद्दर्शनीं बिनतोड वाटतो. परंतु देवळांतील रांगेंत जो पुढें घुसतो तो मागच्याचा वेळ खातो. रस्त्यावर तसें होतेंच असें नाहीं. मोटार-सायकलस्वार रांगेंत उभा राहिला, तर तोहि जवळजवळ एका मोटारीची जागा अडवितो आणि मागची रांग तितकी लांबते. मोकळ्या फटींतून तो गेला, तर मोटारवाल्याचें कांहींच जात नाहीं. मात्र पुढें जाऊन तो सिग्नलापाशीं पादचाऱ्यांच्या पांढऱ्या पट्ट्यांवर चाक रोंवून उभा राहिला, तर त्यानें खरोखरच दुसऱ्याची जागा घेतली. तेथें आम्ही आजोबांच्या बाजूचे.

दुसरा आक्षेप जिवाचा, आणि तोच महत्त्वाचा. २०२२ सालीं भारतांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्यु पावलीं; त्यांत शेंकडा ४४ हून अधिक दुचाकींवरील होतीं. हे सर्व अपघात फटींतून जाण्यानें झाले असें नव्हे. परंतु दुचाकीवर बसलेल्या माणसाभोंवतीं लोखंडी कवच नसतें, आणि त्याची चूक असो वा दुसऱ्याची, हाड त्याचेंच मोडतें, ही गोष्ट या आंकड्यांवरून ध्यानांत येते.

आतां ती फट तरी केवढी असते, तें मोजून पाहूं. शहरांतील रस्त्याचा एक पट्टा साधारण साडेतीन मीटर रुंद धरतात. लहान-मध्यम मोटार सुमारें पावणेदोन मीटर रुंद असते. दोन मोटारी आपापल्या पट्ट्याच्या मधोमध उभ्या असतील, तर त्यांच्या मध्यें पावणेदोन मीटरांची वाट राहते. मोटार-सायकलचें हँडल सुमारें ८० सेंटीमीटर धरलें, तर दोन्ही अंगांस एकेक हात जागा मोकळी राहिली. मोटारींचे आरसे बाहेर आलेले असतात, तरीहि सावकाश जाणाऱ्यास ही जागा पुरते. पण त्या मोटारींच्या ठिकाणीं दोन बसगाड्या कल्पा. बस अडीच मीटरांहून थोडी अधिक रुंद असते. आतां मधली वाट उरली सुमारें ९० सेंटीमीटर. म्हणजे हँडलाच्या दोन्ही अंगांस चार बोटेंहि नाहींत. शिवाय बसच्या अंगालगत आलेली दुचाकी चालकास पुष्कळदां दिसत नाहीं. मोटारींमधील फट आणि बसगाड्यांमधील फट यांस एकच नांव असलें, तरी त्या दोन निराळ्या वस्तु आहेत.

यापुढील गोष्ट वेगाची. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनीं २०१५ सालीं एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत अपघातांत सांपडलेल्या ५,९६९ मोटार-सायकलस्वारांची माहिती होती, आणि त्यांपैकीं ९९७ जण अपघातसमयीं दोन रांगांमधून जात होते. या ९९७ जणांत डोक्याच्या इजा व मृत्यु यांचें प्रमाण इतरांहून कमी आढळलें. मागून धडक बसण्याचें प्रमाण त्यांच्यांत शेंकडा २.६ होतें, इतरांत ४.६. रांगेच्या शेवटीं उभा असलेला स्वार मागून येणाऱ्या मोटारीखालीं सांपडूं शकतो. पुढें सरकलेला स्वार त्या संकटांतून सुटतो. नातवाच्या बाजूचा हा सबळ पुरावा आहे.

परंतु पुराव्याचा अर्धाच भाग वाचूं नये. हे लोक बहुधा कामाच्या दिवशीं, कमी वेगानें व चांगलें हेल्मेट घालून जाणारे होते. त्यांच्यांत मद्य घेतलेल्यांचें प्रमाणहि कमी होतें. तेव्हां सर्व पुण्य फटीच्या पदरीं घालतां येत नाहीं. शिवाय अपघात झालेल्यांचीच ही मोजणी असल्यामुळें, इजा किती झाली हें तींतून कळतें. अपघात किती वेळां होतात हें कळत नाहीं. आणि मुख्य निष्कर्ष असा, कीं भोंवतालची रहदारी ताशीं सुमारें ८० किलोमीटरांच्या आंत असेल, व स्वाराचा वेग तिच्याहून २४ किलोमीटरांपेक्षां अधिक नसेल, तोंपर्यंत इजेचें प्रमाण वाढत नाहीं, त्यापुढें वाढतें.

हा २४ चा आंकडा आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. ताशीं २४ किलोमीटर म्हणजे सेकंदास सुमारें पावणेसात मीटर. समोर कांहीं आडवें आलें, तर तें दिसून हात-पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद जातो असें धरलें, तर तेवढ्यांत गाडी दहा मीटर पुढें जाते. म्हणजे उभ्या असलेल्या अडीच मोटारी मागें पडतात. वेग ५० असेल, तर पांच मोटारी मागें पडतात, आणि तोंवर ब्रेक लागलेलाहि नसतो. शिवाय वेग दुप्पट झाला, म्हणजे आदळण्याचा जोर चौपट होतो.

ज्या देशांनीं परवानगी दिली, त्यांनीं ती याच धोरणानें दिली आहे. ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्सनें २०१४ सालीं फटींतून जाण्यास मुभा दिली, ती ताशीं ३० किलोमीटरांपर्यंतच; नवशिक्या परवानाधारकांस आणि शाळांच्या टापूंत तीहि नाहीं. अमेरिकेंतील युटा संस्थानानें २०१९ सालीं परवानगी दिली, ती रहदारी पूर्ण थांबलेली असतां, आणि ताशीं १५ मैलांच्या आंत. फ्रान्सनें २०१६ पासून कांहीं विभागांत प्रयोग करून पाहिले, आणि जानेवारी २०२५ पासून ही मुभा आपल्या वाहतूक-नियमांत घातली. पण ती मध्यें दुभाजक असलेल्या मोठ्या रस्त्यांवर, रहदारी दाटलेली असतां, आणि ताशीं ५० च्या आंत. नातवानें फ्रान्सचा दाखला अवश्य द्यावा, परंतु तो अटींसह द्यावा.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. त्या देशांतील नियम पट्टे आंखलेले आहेत व ते पाळले जातात, असें धरून केलेले आहेत. आमच्या रस्त्यांवर दोन पट्ट्यांत तीन मोटारी उभ्या राहतात, आणि उरलेल्या जागेंत रिक्षा तोंड घालते. फट जेथें दिसते तेथें ती दहा पावलांनंतरहि राहील, याची खात्री नसते. पावसाळ्यांत रस्त्यावरील रंगाचे पट्टे ओले होऊन निसरडे होतात, आणि फटींतून जाणाऱ्याचें चाक नेमकें त्यांवरच असतें. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्यास २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीनें, दुसऱ्या वाहनास नियमबाह्य रीतीनें ओलांडणें हें धोकादायक वाहन चालविण्यांत गणलें आहे, याचाहि विसर पडूं नये.

आतां आमची गोष्ट. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही पुतण्याच्या मोटारींतून कर्वे रस्त्यानें एका मुंजीस निघालों होतों. मुहूर्त जवळ आला, आणि नळ स्टॉपाच्या अलीकडे रहदारी पार थांबली. आमची मोटार उजव्या पट्ट्यांत होती. कार्यालय शंभर पावलांवर दिसत होतें. आम्ही येथेंच उतरतों असें म्हणून, पुतण्या "काका, थांबा" म्हणेपर्यंत, मागें न पाहतां आम्हीं डावें दार उघडलें. त्याच क्षणीं दोन रांगांमधून येणारा एक तरुण त्या दारावर आदळला. हेल्मेट होतें म्हणून डोकें वांचलें. उजव्या हाताचें हाड मात्र मोडलें. इस्पितळांत त्याची आई आली. तो तिला म्हणाला, "आई, मीच जरा जोरांत होतों." आम्ही म्हणालों, "दार आम्हीं न पाहतां उघडलें." तिनें दोघांकडेहि पाहिलें, आणि ती कांहींएक बोलली नाहीं. मुंज आमच्यावांचून लागली.

तेव्हांपासून आम्ही मोटारीचें डावें दार उजव्या हातानें उघडतों. तसें केलें कीं अंग आपोआप वळतें आणि दृष्टि मागें जाते. हॉलंडांत ही संवय जुनी आहे. इंग्लंडच्या रहदारी-नियमांत २०२२ सालीं ती शिफारस म्हणून घातली गेली. घरांतील मुलांनाहि ही संवय लावावी.

म्हणून या भगिनींस आमचें उत्तर असें. रांग उभी असेल, किंवा माणसाच्या चालीनें सरकत असेल, तर मोटारींमधून सावकाश जाण्यांत पाप नाहीं. रांग चालूं लागली, कीं स्वारानें तिच्यांत सामील व्हावें. भोंवतालच्या रहदारीहून त्याचा वेग ताशीं वीस किलोमीटरांपेक्षां अधिक असूं नये. बस किंवा मालमोटार यांच्यालगतच्या फटींत त्यानें कधींहि शिरूं नये. आणि पादचाऱ्यांचे पट्टे त्यानें मोकळे सोडावे. मोटारवाल्यांनीं आरशांत पाहिल्यावांचून पट्टा बदलूं नये, दार उघडूं नये, आणि केवळ रागानें फट बुजवूं नये.

आजोबांनीं 'बेशिस्त' हा शब्द नातू सावकाश जात असेल तेव्हां मागें घ्यावा. नातवानें हे आंकडे एकदां आजोबांस वाचून दाखवावे, आणि आपला वेग त्यांत बसतो कीं नाहीं हें त्यांच्यासमक्ष खरें सांगावें. बसत नसेल, तर दहा मिनिटें उशिरां यावें. फाटक उशिरां वाजलें तर आईची कांहीं तक्रार असणार नाहीं; तें वाजावें, एवढीच तिची अपेक्षा आहे.