शेंगदाणा, हुलगा आणि डोळ्यातले फूल

ज्वारीच्या काढणीत पात डोळ्याला लागली, कुणी दिले ते थेंब चार दिवस टाकले आणि आता डोळ्यात फूल पडले. ही कहाणी सोलापूर जिल्ह्यातल्या नेत्रतज्ज्ञांना नवी नाही. अशातल्या काही डोळ्यांवर पुढे कॉर्निया प्रत्यारोपण होते. रुग्णाच्या कॉर्नियाचे काढलेले बटण फॉर्मॅलिनमधून पॅथॉलॉजीकडे जाते, नेहमीचे रंग दिले जातात, ‘स्ट्रोमल स्कार’ एवढे लिहून फाइल मिटते. आमच्या मते ती जरा लवकरच मिटते.

कॉर्नियाच्या जाडीचा सुमारे ९० टक्के भाग स्ट्रोमाचा. कोलॅजनच्या तंतूंमधले अंतर नेमके राखले जाते म्हणून तो पारदर्शक असतो आणि हे अंतर राखण्यात केराटन सल्फेट या शर्करासाखळीचा मोठा वाटा आहे. मॅक्युलर डिस्ट्रॉफीत नेमके तिचेच सल्फेशन बिघडते आणि कॉर्निया धुरकट होतो. पास रंगाने शर्करा आहे एवढे कळते. कोणती, ते कळत नाही. तिथे लेक्टिन कामी येते.

लेक्टिन म्हणजे ठरावीक शर्करेलाच धरणारे प्रथिन. गव्हाच्या अंकुरातले लेक्टिन एन-अ‍ॅसिटिल ग्लुकोसमाइन आणि सायलिक आम्ल धरते. आपल्या चटणीतल्या शेंगदाण्याचे लेक्टिन गॅलॅक्टोजवर बसते. पण त्यावर सायलिक आम्लाचे झाकण असेल, तर न्युरामिनिडेजने ते आधी काढावे लागते. झाकण काढण्यापूर्वीची आणि नंतरची काच शेजारी ठेवली, की शर्करेची मांडणी उलगडते. हुलग्याची ओळख तर रक्तपेढीत जुनीच आहे. जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी १९५१ साली ‘करंट सायन्स’मध्ये हुलग्याच्या अर्काचा गुण नोंदवला, ए-१ आणि ए-२ हे उपगट वेगळे करायला तोच अर्क आजही वापरतात.

आपल्या भागासाठी सर्वांत जवळचा उपयोग बुरशी ओळखण्याचा. बुरशीच्या भिंतीतले कायटिन हे एन-अ‍ॅसिटिल ग्लुकोसमाइनचेच बनलेले असते. त्यामुळे फ्लुरोसिन जोडलेले गव्हाचे लेक्टिन तिच्या तंतूंवर बसते आणि फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकाखाली ते हिरवे उजळतात. अर्थात केओएच आणि कल्चर यांना हा पर्याय नव्हे, जोड आहे.

सावधगिरीही तितकीच हवी. लेक्टिन शर्करा ओळखते, रोग ओळखत नाही. गव्हाचे लेक्टिन बुरशीवर बसते, तसे रुग्णाच्या ऊतीवरही बसते. म्हणून प्रत्येक वेळी शेजारी एक नियंत्रण काच हवी: लेक्टिनमध्ये त्याचीच शर्करा आधी मिसळायची, तरीही रंग चढला तर तो खरा मानायचा नाही. दुसरी गोष्ट अशी की, ए, बी, ओ गटांच्या शर्करा कॉर्नियाच्या एपिथेलियमवरही असतात. ए गटाच्या रुग्णात हुलग्याचे लेक्टिन बसले, तर त्याला विकृती समजण्याची घाई नको.

यासाठी मोठी प्रयोगशाळा उभारायची गरज नाही. शल्यचिकित्सकांनी बटणासोबतच्या फॉर्मवर दुखापतीचे कारण, किती दिवस झाले आणि रक्तगट या तीन गोष्टी लिहाव्यात. पॅथॉलॉजिस्टांनी पॅराफिनचे ब्लॉक जपून ठेवावेत. लेक्टिन उद्याही विकत मिळेल. फेकून दिलेले बटण मात्र परत मिळणार नाही.