अंगण म्हणजे पार्किंग नव्हे!

आमच्या पिढीने गावाकडच्या घरांचं काय काय वाट्टोळं केलं याची यादी करायची ठरवली, तर माझा पहिला नंबर पेव्हर ब्लॉकला. पुण्यात नाहीतर हैदराबादेत नोकरी लागते, चार पैसे हातात येतात आणि 'आईबाबांना चिखलाचा त्रास नको' म्हणून आपण पहिलं काम काय करतो? अंगण बुजवतो. कडेला शोभेचे चार पाम, मधोमध सिमेंटचं तुळशी वृंदावन आणि उरलेल्या जागेत वर्षातून दहा दिवस गावी येणारी आपली कार. झालं अंगण!

मी मूळचा गंगाखेडचा. गोदाकाठचं, संत जनाबाईंचं गाव. पण नदी उशाशी आहे म्हणून पाण्याची चंगळ असेल असं समजू नका. हा मराठवाडा आहे. २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात आपण पावसाला जमिनीत शिरायची वाट बंद करतो आणि उन्हाळ्यात टँकरवाल्याला फोन लावतो. धन्य आहे!

गणित सोपं आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पाचशे चौरस फुटांच्या अंगणात १०० मिलिमीटर पाऊस पडला की साधारण ४,६०० लिटर झाले. आमची काळी माती पाणी हळूहळू पिते, त्यामुळे ते सगळं बोअरपर्यंत पोचेल असा दावा मी करत नाही. पण फरशीवरून ते सरळ नालीतच जातं, त्याचं काय?

दुसरा पंथ लॉनवाल्यांचा. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तिथे हिरवळ जगवायची! आमच्या आईचा प्रश्न एकच, "खाता येतंय का ते?" यावर माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्याकडे आहे?

मग करायचं काय? आपण इंजिनियर लोक, आधी लेआउट काढू. गेटपासून दारापर्यंत शहाबादी फरशीची वाट करा, चिखलाचा प्रश्न मिटला. गाडीला अख्खं अंगण लागत नाही, चाकांखाली दोन पट्टे पुरतात. बाकी माती मोकळी ठेवा. वाफे चार फूट रुंद असावेत, म्हणजे दोन्ही बाजूंनी मधोमध हात पोचतो, आत पाय द्यावा लागत नाही. काळ्या मातीत पाणी साचून मुळं सडतात, म्हणून वाफे जरा उंच घ्या.

आता ऊन. मेच्या मध्यात आपल्याकडे भर दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो. भिंत भाजून काढतं ते पश्चिमेचं ऊन. म्हणून मांडव पश्चिमेला घाला, त्यावर दोडका, कारलं, वाल चढवा. शेवगाही त्याच बाजूला, पण घरापासून आणि विजेच्या तारांपासून लांब, कारण त्याच्या फांद्या वाऱ्यात पटकन मोडतात. मृगाला भेंडी, गवार, मिरची. दिवाळीच्या आसपास मेथी, पालक, कोथिंबीर. उन्हाळ्यात पाणी नसेल तर वाफे उसाच्या पाचटाने झाकून सरळ विश्रांती द्या. बारा महिने हिरवं दिसलंच पाहिजे हा हट्ट कशाला?

आणि फुलं नुसती देवासाठी किंवा शोभेसाठी असतात हा गैरसमज सोडा. कारलं, काकडी, भोपळा यांच्या वेलांवर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. मधमाशी फिरकली नाही तर फळ धरत नाही, मग आपण बियाण्याच्या दुकानदाराला शिव्या घालतो. झेंडू भाजीच्या ओळींमध्येच लावा, त्याची मुळं मातीतल्या सूत्रकृमींना आवरतात. कुंपणाला जास्वंद, तगर. झाली पूजेची सोय.

"साप येतात हो!" हे ठरलेलं वाक्य. सापाला उंदीर लागतात आणि उंदराला अडगळ लागते. ज्या घरांत फरशी घालून कोपऱ्यात विटा-लाकडांचा ढीग रचलाय, तिथे साप यायचे थांबलेत का? अडगळ हलवा, संध्याकाळी बॅटरी घेऊन बाहेर पडा.

"पण करणार कोण?" हा आक्षेप मात्र खरा आहे. आईबाबांचे गुडघे दुखतात, आपण सहाशे किलोमीटरवर बसून सल्ले देतो. म्हणून सुरुवात दोनच वाफ्यांनी करा आणि पेव्हर ब्लॉकला द्यायचे पैसे खोदाई, शेणखत आणि आठवड्यातून एकदा येणाऱ्या गड्यावर घाला. रिटायर झालेल्या माणसाला सकाळी उठून बघायला काहीतरी वाढणारं लागतं. गवार जास्त निघाली की ती शेजारी जाते, तिकडून लिंबं येतात, ओट्यावर दोन शब्द होतात. आपण फोनवर "जेवलात का?" विचारतो त्यापेक्षा ही सोबत मोठी आहे.

असो. ज्यांच्या घरी पेव्हर ब्लॉकचं कोटेशन येऊन पडलंय त्यांनी मृगापर्यंत थांबा. पहिल्या मोठ्या पावसात गेटपाशी उभं राहून किती पाणी रस्त्यावर जातंय ते नुसतं बघा. मग खुशाल ऑर्डर द्या, द्यावीशी वाटली तर!