मामांनी जरा बाहेर थांबावे

आमचा भाचा कॉलेजसाठी पुण्याला आमच्याकडे असतो. वय एकवीस, उंची सहा फूट एक इंच, आणि अंगावर मांस म्हणाल तर नावापुरते. गेल्या वर्षी श्रावणात एका सकाळी पेपर वाचीत बसला असता त्याच्या छातीत डावीकडे एकाएकी कळ आली. दम लागू लागला. "वात धरला असेल," म्हणून सौभाग्यवतींनी शेक दिला, आईने ओवा चावायला लावला. दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला, तर डावे फुप्फुस आक्रसून बसलेले!

छातीत नळी घालून अडकलेली हवा काढली. डॉक्टरांनी विचारले, "सिगारेट?"

"छे!" भाचा म्हणाला.

त्याच्या खोलीतल्या बडीशेपेच्या वासामागचा दुसरा वास मला ठाऊक होता. पण चारचौघांत पोराची शोभा कशाला, म्हणून मी भिंतीवरचे कॅलेंडर वाचीत राहिलो.

ताडमाड पोरे पुष्कळांच्या घरी असतात, म्हणून हा विकार काय ते सांगतो. फुप्फुसाच्या शेंड्यावर कधी कधी बारीक फोड धरतात. एखादा फुटला की हवा फुप्फुस आणि छातीची भिंत यांमधल्या फटीत शिरते आणि फुप्फुस दबते. याला न्यूमोथोरॅक्स म्हणतात. उंच, सडपातळ तरुणांना तो अधिक होतो; लांब छातीत शेंड्यावर ताण जास्त पडतो असे मानतात. आईने सारा दोष सूर्यनमस्कारांना दिला होता. तो अन्यायच, कारण बहुतेकांना हे स्वस्थ बसले असतानाच होते. (भाचा सूर्यनमस्कार घालतो, ही तरी आईची भाबडी समजूतच!)

खरा घोर पुढे असतो. एकदा झाले की सुमारे तिघांतल्या एकाला पुन्हा होते, तेही बहुधा पहिल्या वर्षातच. दुसऱ्यांदा झाले की तिसऱ्याची धास्ती आणखी वाढते. क्षयाने किंवा दुसऱ्या जुन्या विकाराने फुप्फुस आधीच खराब असेल, तर प्रकरण अधिकच गंभीर. काही स्त्रियांना हे पाळीच्या सुमारास होते. तेही संकोचापायी डॉक्टरांना सांगायचे राहून जाते.

उंची काही कमी करता येत नाही. सिगारेट सोडता येते. स्टॉकहोममध्ये १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना हा धोका सुमारे २२ पट आढळला, स्त्रियांना ९ पट. २०१८ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा सिगारेट सोडणाऱ्यांत हे पुन्हा होण्याचा धोका सुमारे एक चतुर्थांशावर आलेला दिसला. हे सारे मी वाचले, पण होळीनंतर.

कारण होळीच्या आदल्या दिवशी भाच्याला पुन्हा तीच कळ आली, त्याच बाजूला. या खेपेला शेक नाही की ओवा नाही, थेट रिक्षा. पुन्हा नळी. मग ऑपरेशनची भाषा सुरू झाली: फोड काढायचे, आणि फुप्फुस छातीच्या आतल्या अस्तराला चिकटेल असे करायचे. विमानप्रवास तूर्त बंद. पाणबुड्यांसारखे खोल समुद्रात उतरणे तर बहुधा कायमचेच बंद. त्याचे आम्हांला फारसे दुःख नव्हते.

या वेळच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी एकदा भाच्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे.

"मामा, तुम्ही जरा बाहेर थांबता का?"

मी बाहेर गेलो. मध्ये नुसता हिरवा पडदा होता. भाचा हळू आवाजात म्हणाला, "दिवसाला बारा."

मी आपला दोन-तीन धरून चाललो होतो.